विश्लेषण : अटक झाली की डीएनए नोंदीत, निर्दोष सुटल्यावर तो पुसणार कोण?

गंगापूर तालुक्यातल्या बावीस वर्षांच्या एखाद्या तरुणाला उद्या अटक झाली, असे समजू. गुन्हा कोणताही असो. पोलिस ठाण्यात त्याचे नाव, गाव, फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातील, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण २०२२ पासून कायद्याने पोलिसांना यापेक्षा बरेच काही घेण्याचा अधिकार दिला आहे. तळहाताचे आणि पायाचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळाचे व पडद्याचे स्कॅन, सही, हस्ताक्षर आणि जैविक नमुने, म्हणजे रक्त, लाळ, केस. यातल्या शेवटच्या शब्दात डीएनए येतो. ही नोंद घेतल्या दिवसापासून ७५ वर्षे ठेवता येते. बावीस वर्षांच्या मुलाची नोंद तो सत्त्याण्णव वर्षांचा होईपर्यंत राहू शकते.

तो दोषी ठरला तर फार कुणाची तक्रार नसेल. प्रश्न आहे तो सुटला तर काय, हा.

गंभीर गुन्ह्यांचा तपास लागावा आणि डीएनएसारखे भक्कम साधन पोलिसांच्या हाती असावे, याला विरोध करण्याचे कारण नाही. वाद आहे तो नोंदवहीत कोणाचे नाव चढते आणि चढलेले नाव खाली कसे उतरते याबद्दल. आपल्याकडे नाव चढवण्याची सोय पक्की झाली आहे. उतरवण्याची मात्र अर्जावर सोडलेली आहे.

कायदा नेमके काय म्हणतो?

१९२० चा कैदी ओळख कायदा इंग्रजांच्या काळातला. त्यात ठसे आणि फोटो एवढीच मुभा होती, आणि अटकेतल्या माणसाच्या बाबतीत तीही वर्षभर किंवा त्याहून जास्त सक्तमजुरी होऊ शकेल अशा गुन्ह्यांपुरती. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ ने तो रद्द केला. लोकसभा आणि राज्यसभेत तो एप्रिल २०२२ च्या पहिल्याच आठवड्यात मंजूर झाला, ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला आणि सप्टेंबरमध्ये त्याचे नियम आले. नव्या कायद्यात 'कोणत्याही कायद्याखालील गुन्ह्यात अटक' एवढे पुरते. हेड कॉन्स्टेबल किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलिस आणि तुरुंगातला हेड वॉर्डरसुद्धा ही मापे घेऊ शकतो. नकार दिला तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा लागतो. नियमांनी काही किरकोळ प्रकरणांत मर्यादा घातल्या आहेत, पण दार रुंद झाले आहे, हे नक्की.

एक महत्त्वाची सवलत कायद्यातच आहे. गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि त्याला सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल, तर अटक झालेल्या माणसाला जैविक नमुना देण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे मोटारसायकल चोरीच्या संशयावरून आणलेला तरुण ठसे नाकारू शकत नाही, पण तोंडात फिरवायच्या कापसाच्या काडीला 'नाही' म्हणू शकतो. रात्री दोन वाजता, ठाण्याच्या बाकावर, वकील नसताना, हे वाक्य त्याला कोण सांगणार?

नोंदी जमा होतात दिल्लीत, राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरोकडे, म्हणजे एनसीआरबीकडे. तिथून त्या देशभरातल्या तपास यंत्रणांना मिळू शकतात.

पुसण्याची तरतूदही आहे. आरोपी खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर नोंद नष्ट करायची. पण अटी पाहा. एक, त्याला पूर्वी कोणत्याही कैदेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. दोन, सगळे कायदेशीर मार्ग संपलेले असावेत. म्हणजे गंगापूरच्या न्यायालयात सुटका झाली तरी सरकार अपिलात गेले की घड्याळ पुन्हा सुरू. तीन, न्यायालयाने कारणे देऊन नोंद ठेवण्याचा आदेश दिलेला नसावा. नियमांनी त्यावर आणखी एक पायरी ठेवली. नोंद नष्ट करण्याची विनंती राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची, त्याने ती नोंद दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याशी जोडलेली नाही हे तपासायचे आणि मग एनसीआरबीकडे शिफारस करायची.

नोंद चढवताना आरोपीला अर्ज करावा लागत नाही. उतरवताना करावा लागतो. या कायद्याचा खरा दोष बहुधा एवढ्या एका फरकात आहे.

रक्ताचा थेंब वेगळा, आकड्यांची यादी वेगळी

डीएनए चाचणीचा गुन्हे तपासातला इतिहास चाळीस वर्षांचाही नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना सप्टेंबर १९८४ मध्ये डीएनएच्या ठशाची कल्पना सुचली आणि दोनच वर्षांत ती खुनाच्या तपासात वापरली गेली. त्या तपासाची गंमत अशी की डीएनएने सगळ्यात आधी कुणाला पकडून दिले नाही, तर एका सतरा वर्षांच्या मुलाला सोडवले. त्याने एका खुनाची कबुलीही दिली होती. नमुना जुळला नाही. मग आसपासच्या गावांतल्या सुमारे पाच हजार पुरुषांचे रक्त तपासले गेले आणि खरा आरोपी सापडला, तोही स्वतःच्या जागी दुसऱ्याला रक्त द्यायला पाठवले होते, ही गोष्ट फुटली म्हणून. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले डॉ. लालजी सिंग यांनी हे तंत्र १९८० च्या दशकाच्या शेवटी न्यायालयांपर्यंत आणले.

आज प्रयोगशाळेत होते ते असे. माणसाचा अख्खा डीएनए कुणी वाचत नाही. ठरावीक जागा निवडलेल्या असतात. अमेरिकेत २०१७ पासून अशा २० जागा प्रमाण मानल्या जातात. या जागांवर डीएनएचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा येतो ते मोजायचे. आईकडून एक आकडा, वडिलांकडून एक. वीस जागांचे चाळीस आकडे. हे झाले प्रोफाइल. एका व्हॉट्सॲप संदेशात मावेल एवढा मजकूर. यातून त्या माणसाला मधुमेह होईल की नाही, हे कळत नाही.

पण ज्या थेंबातून हे आकडे काढले, तो थेंब शिल्लक असतो. त्यात सगळे असते. आजार, वंश, आईबापांचे गुपित. म्हणून खासगीपणाच्या दृष्टीने प्रोफाइल आणि नमुना यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रिटनने २०१२ च्या कायद्यात हा फरक ओळखला. प्रोफाइल काढून झाले की नमुना नष्ट करायचा, आणि काही झाले तरी सहा महिन्यांच्या आत. आपल्या कायद्याच्या व्याख्येत 'जैविक नमुने आणि त्यांचे विश्लेषण' एका ओळीत, एकाच टोपलीत आहेत.

बँकेचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो. आधारचा क्रमांक लपवून ठेवता येतो. डीएनए बदलता येत नाही आणि लपवताही येत नाही. माणूस तो चहाच्या कपावर ठेवून उठतो.

एकाचा नमुना, वस्तीची नोंद

बोटाचा ठसा एकट्या माणसाचा असतो. सख्ख्या भावाचा ठसाही वेगळा, जुळ्याचाही वेगळा. डीएनएचे तसे नाही. सख्ख्या भावाशी साधारण निम्मा डीएनए जुळतो. पुरुषांमध्ये वडिलांकडून आलेल्या वाय गुणसूत्राची चाचणी केली तर बाप, मुलगा, काका, चुलतभाऊ यांचे आकडे जवळपास एकच येतात. अत्याचाराच्या गुन्ह्यांत ही चाचणी फार उपयोगी पडते, कारण मिसळलेल्या नमुन्यातून पुरुषाचा भाग वेगळा काढता येतो. पण तिच्याच जोरावर एका माणसाच्या नोंदीवरून त्याच्या सगळ्या भाऊबंदांपर्यंत जाता येते.

अमेरिकेतला 'गोल्डन स्टेट किलर' एप्रिल २०१८ मध्ये असाच सापडला. त्याचा डीएनए पोलिसांच्या बँकेत नव्हता. वंशावळ शोधणाऱ्या एका संकेतस्थळावर दूरच्या नातेवाइकांनी हौसेने टाकलेल्या माहितीवरून तपास त्याच्यापर्यंत पोहोचला. अनेक खून करणारा माणूस पकडला गेला, हे चांगलेच झाले. पण ज्यांच्यामुळे तो सापडला त्यांना कुणी विचारलेही नव्हते.

आता हेच चित्र महाराष्ट्रावर ठेवून पाहू. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, हजेरी लावली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वस्त्या बसवल्या. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पण शिक्का संस्थानाची हद्द पाहून थांबला नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. त्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये. महाराष्ट्राच्या यादीत आज १४ विमुक्त जाती आहेत. वडार, कैकाडी, बंजारा, रामोशी, राजपारधी ही त्यातली काही नावे. गावात चोरी झाली की आधी पालावर जीप जाते, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात नवीन सांगायला नको.

लहान समाज, आपसातच सोयरिकी, मोजकी आडनावे. अशा समाजातल्या दहा-पंधरा पुरुषांना वेगवेगळ्या वेळी संशयावरून अटक झाली आणि प्रत्येकाची नोंद राहिली, तर हाती येते ती दहा-पंधरा माणसांची यादी नव्हे. जवळपास साऱ्या समाजाची वंशावळ हाती येते. पुढे कुठल्याही घटनास्थळी अर्धवट जुळणारा नमुना सापडला की बोट त्या वस्तीकडे वळणार. जिथे नोंदी नाहीत, त्या सोसायट्यांकडे आणि बंगल्यांकडे ते वळणार नाही. १८७१ चा कायदा म्हणत होता की गुन्हेगारी रक्तात असते. डीएनए बँक तसे काही म्हणत नाही. पण नोंदी अटकेवरून होणार असतील आणि अटका जुन्या संशयावरून होणार असतील, तर संगणक तेच उत्तर देईल, फक्त टक्केवारीसह.

ही भीती केवळ कार्यकर्त्यांची आहे, असेही नाही. मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका आमदाराच्या हिस्ट्रीशीटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून विषय वाढवला आणि मागास समाजातल्या निरपराध लोकांची नावे केवळ त्यांच्या सामाजिक पार्श्वभूमीमुळे यांत्रिकपणे पोलिसांच्या यादीत चढवली जातात, याकडे सगळ्या राज्यांचे लक्ष वेधले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातिभेद रद्द करण्यात आला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावण्यात आले. डीएनए विधेयकाची छाननी करणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीनेही फेब्रुवारी २०२१ मधल्या अहवालात असेच म्हटले होते. जात, धर्म किंवा राजकीय मत यांवरून लोकांना वेगळे काढण्यासाठी बँक वापरली जाईल ही भीती अगदीच निराधार नाही, असा तिचा सूर होता.

नाशिकच्या सहा जणांचे काय झाले?

जून २००३. नाशिकजवळच्या बेलतगव्हाण शिवारात पेरूच्या बागेतल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला, अत्याचारही झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर आरोपी झाले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच दिली. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर कळले.

५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आपलाच आधीचा निकाल मागे टाकून सहाही जणांना निर्दोष सोडले. सोळा वर्षे गेली होती. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि तपास अधिकाऱ्यांच्या कसुरीची दखल घेण्याचा आदेश राज्याला मिळाला.

या प्रकरणातली एक गोष्ट डीएनए बँकेच्या चर्चेत कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे. घटनेनंतर दोनच दिवसांनी वाचलेल्या साक्षीदाराला पोलिसांनी आपल्याकडचा गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातल्या चार जणांना ओळखले. ते चार जण या सहांपैकी नव्हते. त्यांचा पुढे तपासच झाला नाही. म्हणजे पोलिसांकडे नोंद होती, नोंदीने दिशाही दाखवली होती. ती बाजूला ठेवली गेली आणि गरीब, भटके, कुणी विचारणार नाही असे सहा जण उभे केले गेले. त्यांना गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयानेच म्हटले.

नोंदवही मोठी केली की न्याय आपोआप मोठा होतो, हा समज इथे मोडतो. आणि हिशेब असाही करून पाहा. आजचा कायदा तेव्हा असता, तर या सहा जणांचे नमुने २००३ मध्येच बँकेत गेले असते. कायदेशीर मार्ग संपेपर्यंत, म्हणजे निदान मार्च २०१९ पर्यंत, ते तिथेच राहिले असते. सोबत त्यांच्या भावांचे, मुलांचे, चुलत्यांचे अर्धे आकडेही. आणि सुटून आल्यावर, हातात काही नसताना, त्यांनी नोडल अधिकाऱ्याचा पत्ता शोधत फिरायचे.

'डीएनए जुळला' म्हणजे नेमके काय?

टीव्हीवर 'डीएनए जुळला' म्हटले की विषय संपतो. प्रत्यक्षात तिथून पुढे प्रश्न सुरू होतात.

पहिला प्रश्न हाताळणीचा. जर्मनीत काही वर्षे पोलिस एका बाईच्या मागावर होते. सुमारे चाळीस घटनास्थळांवर, त्यात हाइलब्रॉन शहरातल्या महिला पोलिसाच्या खुनातही, एकाच स्त्रीचा डीएनए सापडत होता. २००९ मध्ये कळले की ती बाई म्हणजे नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातली कामगार. अमेरिकेत सॅन होजेजवळच्या एका खुनात २०१२ मध्ये मृताच्या नखांखाली एका बेघर माणसाचा डीएनए मिळाला. खून झाला तेव्हा तो रुग्णालयात, दारूच्या अमलाखाली पडून होता. त्याला ज्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी उचलून नेले, तेच काही तासांनी घटनास्थळी गेले होते. हे उलगडेपर्यंत तो महिनोन्‌महिने तुरुंगात होता.

महाराष्ट्रातले उदाहरण ठाणे जिल्ह्यातले. २०१० मध्ये एका चिमुरडीवर अत्याचार करून खून झाल्याच्या प्रकरणात फाशी झालेल्या आरोपीला मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. डीएनए अहवाल त्याच्याविरुद्ध होता. पण नमुने घेतल्यावर ते प्रयोगशाळेत पाठवायला उशीर का झाला आणि मधल्या काळात ते कुठे, कशा अवस्थेत होते, याचे समाधानकारक उत्तर नव्हते. त्या मुलीच्या घरच्यांना तेरा वर्षांनी काय मिळाले, हा प्रश्न इथे विसरता येत नाही. हलगर्जीपणा आरोपीला एकदा आणि पीडितेला दुसऱ्यांदा गिळतो.

तमिळनाडूच्या एका प्रकरणात १५ जुलै २०२५ ला न्यायालयाने अखेर देशभरासाठी नियम घालून दिले. नमुन्याच्या पाकिटावर गुन्हा क्रमांक, कलम, अधिकारी, डॉक्टर, पंच यांची नोंद आणि सह्या. ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवणे. पाकीट कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेले याची वही. न्यायालयाच्या परवानगीशिवाय सील न उघडणे. गंगापूर ते छत्रपती संभाजीनगरची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा हे अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. अंतर कधीच अडचण नव्हती. मुद्देमालाच्या खोलीत पंखा चालतो का, फ्रिज आहे का, नमुना नेणाऱ्या हवालदाराला त्या दिवशी बंदोबस्त लागला आहे का, अडचण तिथे असते.

दुसरा प्रश्न गणिताचा, आणि तो फारसा कुणी मांडत नाही. स्वच्छ, पूर्ण प्रोफाइल योगायोगाने दुसऱ्या कुणाशी जुळण्याची शक्यता नगण्य असते. पण घटनास्थळी स्वच्छ नमुना क्वचित मिळतो. ऊन, माती, पाणी, दोन-तीन जणांचे मिश्रण. मग वीसऐवजी सात-आठ जागाच वाचता येतात. अशा अर्धवट नमुन्याची योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे, असे धरू. पोलिसांनी इतर पुराव्यांवरून एकाच संशयिताला गाठले आणि तो जुळला, तर हा आकडा जबरदस्त आहे. पण तोच नमुना एक कोटी नोंदींच्या बँकेत टाकला, तर केवळ योगायोगाने सुमारे दहा जण जुळतील. त्यातला जो भटका असेल, ज्याच्या नावावर आधीची अटक असेल, त्याच्या दारात जीप आधी जाईल. बँक जेवढी मोठी, तेवढे हे योगायोग जास्त.

मग विधेयक का मागे घेतले?

डीएनए बँकेसाठी स्वतंत्र कायदा करण्याचा प्रयत्न दोन दशके चालला. अखेरचे विधेयक जुलै २०१९ मध्ये लोकसभेत आले. त्यात पाच वेगवेगळ्या यादी होत्या. घटनास्थळ, संशयित व कच्चे कैदी, शिक्षा झालेले, बेपत्ता आणि अनोळखी मृतदेह. नियामक मंडळ होते, प्रयोगशाळांना मान्यता घेणे सक्तीचे होते, माहिती फोडली तर शिक्षा होती. उणिवा पुष्कळ होत्या. समितीतल्या असदुद्दीन ओवैसी आणि बिनोय विश्वम यांनी मतभेदाच्या टिपणी जोडल्या. २४ जुलै २०२३ ला सरकारने ते मागे घेतले.

खासगीपणाचे समर्थक तेव्हा खूश झाले. ते घाईचे होते. नमुने घेण्याचा अधिकार २०२२ च्या कायद्यातून आधीच आला होता. विधेयकासोबत गेले ते नियामक मंडळ, प्रयोगशाळांची मान्यता आणि वेगवेगळ्या याद्यांमधल्या भिंती. कुलूप मागे घेतले, दरवाजा तसाच राहिला. बेपत्ता मुलांचा आणि अनोळखी मृतदेहांचा शोध लावणाऱ्या यादीचाही, जिला बहुधा कुणाचाच विरोध नसता, त्यात बळी गेला.

याद्या वेगळ्या का हव्यात, याचे उदाहरण फेब्रुवारी २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दिसले. अत्याचाराची तक्रार करताना एका महिलेने दिलेला डीएनए पोलिसांनी जपून ठेवला आणि काही वर्षांनी तिलाच एका मालमत्तेच्या गुन्ह्यात पकडण्यासाठी वापरला. असे होऊ शकते हे एकदा गावात कळले, तर दवाखान्यात तपासणीला यायला कोण धजावेल?

खासगीपणाचा हक्क कुठे बसतो?

आरोपीकडून शारीरिक नमुना घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे, हे १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवले, तेही मुंबई राज्याच्या प्रकरणात, काठी कालू ओघड खटल्यात. त्यामुळे नमुना घेण्यावर सरसकट बंदी येणार नाही आणि यायलाही नको. पण तो निकाल नमुना घेण्याबद्दल होता, ७५ वर्षे ठेवण्याबद्दल नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा कसोटीही दिली. कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. २०२२ चा कायदा पहिल्या दोन कसोट्यांवर उभा राहील. तिसऱ्या कसोटीवर, सुटलेल्या माणसाची नोंद त्याच्याच अर्जावर सोडणे प्रमाणात कसे बसते, हे सरकारला सांगता यायला हवे.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. ब्रिटनमध्ये सुटलेल्यांचेही नमुने कायम ठेवले जात होते; त्यात अटकेच्या वेळी अकरा वर्षांचा असलेला एक मुलगाही होता. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने हे अवैध ठरवले. पुढे ब्रिटनने कायदा बदलला आणि १७ लाखांहून अधिक प्रोफाइल पुसून टाकली. त्यासाठी १७ लाख लोकांना अर्ज करावे लागले नाहीत.

आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा इथे मदतीला येत नाही. गुन्ह्याचा तपास म्हटले की त्यातल्या बहुतेक तरतुदींतून सूट आहे. आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक पथकाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे. चांगलेच पाऊल आहे. पण त्याचा अर्थ गोळा होणारे नमुने वाढतच जाणार.

बदल फार मोठे नकोत. सुटकेचा अंतिम आदेश ई-कोर्ट प्रणालीवर चढतो. तोच एनसीआरबीकडे आपोआप जाऊन नोंद पुसली जाऊ शकते, तंत्राच्या दृष्टीने यात कठीण काही नाही. प्रोफाइल निघाले की नमुना नष्ट व्हावा. पीडितांचे आणि बेपत्तांच्या नातेवाइकांचे नमुने आरोपींच्या यादीशी कधीही ताडून पाहू नयेत. आणि अटकेच्या वेळी जशी नातेवाइकांना खबर द्यावी लागते, तशी काय काय नमुने घेतले, कोणते नाकारण्याचा हक्क होता आणि नोंद पुसण्यासाठी कुणाकडे जायचे, याची मराठीतली चिठ्ठी आरोपीच्या हातात पडावी.

ही चिठ्ठी येईपर्यंत एक रस्ता आजही उघडा आहे. कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि महिलांना तो कोठडीबाहेरही मिळतो. तालुका न्यायालयांत त्यासाठी विधी सेवा समित्या असतात. जामिनाच्या अर्जासाठी लोक तिथे जातात. निर्दोष सुटल्यावर निकालाची प्रमाणित प्रत घेऊन, नोडल अधिकाऱ्याच्या नावे नोंद नष्ट करण्याचा अर्जही तिथेच लिहून घेता येतो आणि त्याची पोच मागता येते.